अनुभव धागा: कुत्रं ओकलं, तुम्ही थांबलात की पळालात?

सुरुवात मीच करते. नाशिक, इंदिरानगर. आमची सोनी, देशी, चार वर्षांची. पावसाळ्यात जॉगिंग ट्रॅकवर गवत खाते, ओकते आणि लगेच शेपूट हलवत पोळी मागते. पहिल्यांदा रिक्षा करून दवाखाना गाठला होता, आता काही तास खायला देत नाही, पाणी थोडं थोडं. संध्याकाळपर्यंत ठीक असते. तुमचं सांगा. सल्ले नकोत, घडलेलं लिहा.

•

मखमलाबाद, द्राक्षमळा. फेब्रुवारीत खुडा चालू होता, शेडमागे गळालेल्या मण्यांचा ढीग. शेरूने किती खाल्ले कुणी पाहिलं नाही. रात्री दोनदा ओकला, त्यात साली दिसल्या. तरतरीत होता म्हणून सकाळ होऊ दिली, तिथेच चुकलो. दुसऱ्या दिवशी मलूल. लघवी जवळजवळ बंद, रक्तात क्रिएटिनिन वाढलेलं, म्हणजे किडनी नीट काम करेना. द्राक्षं-मनुक्यांनी कुत्र्याची किडनी जाऊ शकते, हे जन्म द्राक्षात घालवून आम्हाला माहीत नव्हतं! वडील अजून म्हणतात, "आपली कुत्री कायम खातात." खातात, काहींना काही होत नाही, पण कुणाला होईल हे आधी कळत नाही. टार्टारिक आम्लाचा संशय आहे म्हणे. चार दिवस सलाईन लागलं, वाचला. खाल्ल्याबरोबर नेलं असतं तर डॉक्टरांनी उलटी करवून पोट रिकामं केलं असतं.

•

सिडको. अडीच महिन्यांचं पिल्लू, लसीचा एकच डोस झालेला. सकाळी पिवळं पाणी ओकलं, दुपारी पाणीही टिकेना, रात्री रक्ताची हगवण. तो वास अजून नाकात आहे. पार्वो, पिल्लांना होणारा जीवघेणा विषाणूचा आजार. गेलं बिचारं. मी दुपारपर्यंत दहीभात भरवत बसलो होतो.

•

गंगापूर रोड. शेफर्ड, नऊ वर्षांचा. उबळीवर उबळ, पण बाहेर नुसता फेस. पोट ढोलकीसारखं. गॅस समजून सासूबाई ओवा उकळायला निघाल्या होत्या. जठराला पीळ पडला होता, रात्रीच ऑपरेशन. अशा वेळी तासही मोजायचे नसतात.

•

सोनीची आई: कुत्रं ओकलं की हिरड्या बघा म्हणतात, त्या कशा बघायच्या?

मखमलाबाद: ताई, ओठ उचलून बोटाने दाबा. पांढरं होऊन दोनेक सेकंदांत गुलाबी व्हायला हवं. आमच्याच्या फिक्या होत्या.

सोनीची आई: पाहिल्या. हिच्या काळ्याकुट्ट आहेत!

मखमलाबाद: मग खालची पापणी ओढून आतला रंग बघा.