दात्यांनी की दातेंनी?

मुद्रितशोधक : स्मरणिकेत वाक्य आलंय, ‘सभागृहाचा खर्च दात्यांनी उचलला.’ लेखकाला म्हणायचंय दाते आडनावाच्या गृहस्थांनी. वाचणाऱ्याला वाटणार देणगीदारांनी. ‘दातेंनी’ करावं तर संपादक अशुद्ध म्हणतात. काय ठेवू?

ओवी : ‘दात्यांनी’च. फडके-फडक्यांनी, जोशी-जोश्यांनी, पाटील-पाटलांनी. ‘फडकेंनी’ हे अलीकडचं वर्तमानपत्री पीक.

टांकसाळ : मग ‘गांध्यांनी’ लिहून दाखवा. आणि नातू आडनावाचं काय करणार? ‘नातवांनी वाडा विकला’? साठ्यांची तपासणी, मोऱ्यांची दुरुस्ती, गोऱ्यांचा बंगला... कोण कुठला कळायला नको? आडनाव अखंड ठेवावं.

ओवी : अखंडच हवं तर ‘टिळकनी’ म्हणा. ‘टिळकांनी’ म्हणता तेव्हा सामान्यरूप होतंच की. ते चालतं, फक्त फडक्यांचं खुपतं!

उपसंपादक : बातमीत सरळ ‘दाते यांनी’ लिहितात, विभक्तीचा भार ‘यां’वर जातो. मथळ्यात मात्र जागा खातं, आणि बोलताना तसं कुणी बोलत नाही. गंमत गुन्ह्याच्या बातमीत. आरोपीचा ‘यां’ही जातो आणि अनुस्वारही, उरतं ‘मोरेने’. जुन्या वळणाने ‘मोऱ्याने’ झालं असतं.

सूचिकार : संगणकावर शोधताना काय होतं ते सांगतो. ‘गोखले’ टाकलं तर ‘गोखल्यांनी’ हाती लागत नाही. ‘गोखल’ एवढंच टाकावं. पाटलांसाठी ‘पाटील’ आणि ‘पाटल’ असं दोनदा. मोरे सगळ्यांत वाईट. ‘मोऱ्यांनी’तला ऱ युनिकोडमध्ये स्वतंत्र अक्षर आहे (०९३१), त्यामुळे ‘मोर’ शोधून तो सापडत नाही. काही ठिकाणी तोच साधा र, हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह असा टंकलेला असतो, तिथे सापडतो. वर सगळे पिसारेवाले मोर येतात ते वेगळेच.

टांकसाळ : ही माझ्या बाजूची साक्ष झाली.

ओवी : यंत्राला जमत नाही म्हणून भाषेने वाकायचं? ‘पाटलीणबाई’ घ्या. ‘पाटीलीण’ कुणी म्हणतं का?

उपसंपादक : पाटलीणबाई टिकल्या, कुलकर्णीणबाई हल्ली ऐकू येत नाहीत. कुलकर्णीबाईही मागे पडल्या, आता ‘कुलकर्णी मॅडम’.

सूचिकार : मग ‘कुलकर्णी मॅडमनी’ की ‘मॅडमांनी’?

ओवी : ‘मॅडमनी’. शब्द इंग्रजी आहे.

टांकसाळ : ‘डॉक्टरांनी’ म्हणता की!