आषाढ ते दिवाळी २०२५ : नवं काय पाहिलंत, काय ऐकलंत?

पालख्या पुण्यातून पुढे सरकल्या की आमच्या घरात एक वही माळ्यावरून खाली येते. पाहिलेल्या नाटक-सिनेमाची तिकिटं तीत खळीनं चिकटवायची आणि खाली दोन ओळी लिहायच्या, ही वडिलांची सवय. या वर्षी वहीत तीनच तिकिटं आली. बाकीची मोबाईलमध्ये, ती चिकटवणार कुठे? म्हणून हा धागा काढतोय.

अटी फार नाहीत. काम नवं हवं, मग सिनेमा असो, नाटक, एकांकिका, मालिका की रेडिओ. स्वतः पाहिलेलं किंवा ऐकलेलं हवं. परीक्षण नको, तारे तर अजिबात नकोत. कसे गेलात, कोणाबरोबर गेलात, बाहेर पडताना काय बोललात ते लिहा. शेवट फोडू नका.

सुरुवात माझ्यापासून. १२ सप्टेंबरला ‘दशावतार’ हा सिनेमा लागला आणि पहिल्याच रविवारी आईला घेऊन गेलो. आई मूळची कुडाळकडची, वय अठ्ठ्याहत्तर. सरकत्या जिन्यापुढे ती पाच मिनिटं थबकली. मागे रांग लागली. शेवटी सुरक्षारक्षकानं मालाची लिफ्ट उघडून दिली आणि आम्ही पॉपकॉर्नच्या गोण्यांबरोबर वर गेलो. दिलीप प्रभावळकर एक्क्याऐंशी वर्षांचे. ते पडद्यावर आले तशी आई पुटपुटायला लागली. मला वाटलं गुडघा दुखतोय. तर ती नांदी म्हणत होती.

घरी येताना रिक्षात तिनं सांगितलं. जत्रेला दशावताराची, म्हणजे कोकणातल्या लोकनाट्याची, मंडळी आली की त्यांच्या पडवीत उतरायची. संहिता वगैरे काही नाही, कुठलं आख्यान ते ठरलं की रात्रभर आपापलं बोलायचं. आई सहा वर्षांची असेल. रात्री जिच्यासाठी ती रडली होती, ती राणी सकाळी फणसाखाली आरशाचा तुकडा टेकवून दाढी करत बसलेली! ‘रात्री राजा, सकाळी डोक्यार बोजो’ ही म्हण मी तिच्या तोंडून लहानपणापासून ऐकलीय, पण ती या लोकांवरची आहे हे मला बावन्नाव्या वर्षी कळलं. सिनेमाचा उत्तरार्ध मला जरा ताणल्यासारखा वाटला. आईला नाही वाटला. वहीत तिचंच मत लिहिलंय.

आता तुम्ही.

कर्वेनगर, अभियांत्रिकी, दुसरं वर्ष

पुरुषोत्तम करंडक या कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेची प्राथमिक फेरी धरणार ना? आमच्या एकांकिकेइतकं नवं या शहरात ऑगस्टमध्ये दुसरं काही नव्हतं, कारण तिचा शेवट आदल्या रात्री अडीच वाजता बदलला होता.

मी लाइट्सला. लोकांना जो अंधार दिसतो तो माझा. दीड महिना कॉलेजच्या पार्किंगमध्ये तालमी, दहा वाजले की वॉचमन काका शिट्टी वाजवत हाकलणार. विषय सोसायटीतला पाण्याचा टँकर. भरत नाट्य मंदिराच्या दारात टेम्पो उभा राहिला आणि धो धो पाऊस. लेव्हल्स (रंगमंचावरचे लाकडी चौथरे) कशाबशा आत घेतल्या, पण नेपथ्याचा रंगवलेला फ्लॅट भिजला. त्याचा निळा रंग आजोबांचं काम करणाऱ्या आमच्या नटाच्या पांढऱ्या सदऱ्याला लागला. ‘राहू दे, टाकी रंगवत होतो म्हणतो,’ असं तो म्हणाला आणि खरंच प्रयोगात म्हणाला.

राडा पुढे झाला. दुसऱ्या ब्लॅकआउटला मी आठ आकडे मोजायचे होते. हात इतके थरथरत होते की पाचालाच डिमर वर गेला आणि उजेड झाला. रंगमंचावर आजोबांचा एक हात कोटात, एक बाहेर. सगळं सभागृह बघतंय. दोन सेकंद कोणीच हललं नाही. मग तो बाहीत हात शोधत शांतपणे म्हणाला, ‘टँकर आला की घाईत हे असं होतं.’ टाळी पडली! ती टाळी माझ्या चुकीला होती, हे फक्त मला आणि त्याला माहीत. आणि आता तुम्हाला.

अंतिम फेरीत गेलो नाही. ‘अरे आवाज कुणाचा’ ओरडून बसलेला घसा गणपतीपर्यंत बसलेलाच होता.

सदाशिव पेठ, माजी स्पर्धक

वरच्या पोराला : १९६३ पासून चालू असलेली स्पर्धा आहे ती, तुझ्यासारखे पाचावर डिमर टाकणारे पुष्कळ पाहिलेत तिनं. २०२२ मध्ये तर परीक्षकांना एकही एकांकिका तोडीची वाटली नाही आणि करंडक कोणालाच दिला नाही. त्या वर्षी बाद झालेले आणि पहिले आलेले एकाच टपरीवर एकच चहा पीत होते. पुढच्या वेळी आकडे मोजू नकोस, नटाचा श्वास ऐक.

हडपसर

मूळचा संगमनेर तालुक्यातला. वडील जूनमध्ये गेले.

‘साबर बोंडं’ १९ सप्टेंबरला आला. जानेवारीत अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात त्याला जागतिक विभागातलं कथापटांचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं, तेव्हा ऑफिसच्या ग्रुपवर सगळ्यांनी अंगठे दाखवले होते. सप्टेंबरमध्ये विचारलं, कोण येतंय? कोणी नाही. त्यात पितृपक्ष. बायको म्हणाली, ‘अहो, एवढ्यात बापाच्या दुखवट्याचा सिनेमा कशाला?’ मला तोच बघायचा होता. सोयीची वेळ मिळेना. शेवटी अर्धी रजा टाकून दुपारच्या खेळाला एकटाच गेलो. आत आम्ही अकरा जण.

मुंबईतला मुलगा वडिलांच्या दहा दिवसांसाठी गावी येतो. पुढचं सांगत नाही. त्यात दोन पुरुषांचं प्रेम आहे हे वर्तमानपत्रात सगळ्यांनी वाचलंय. त्यावर मी काही मोठं बोलणार नाही, मी तसल्या गोष्टींबद्दल फार बोलणाऱ्या घरातला नाही. पण त्या दहा दिवसांत येणारे-जाणारे नातेवाईक दुःखाच्या मधेच ‘लग्नाचं काय’ म्हणून विचारतात, ते मी ऐकलंय. माझ्या धाकट्या भावाला विचारत होते. त्यानं मान खाली घातलेली. तेव्हा मला वाटलं, वडिलांमुळे.

साबर बोंडं ज्यांनी खाल्ली नसतील त्यांच्यासाठी : लालबुंद दिसतात, पण हातात घ्यायची सोय नाही. डोळ्यांना न दिसणारी बारीक कुसं असतात, एकदा बोटात गेली की दोन-दोन दिवस सलतात. काठीनं पाडायची, मातीत पायतणानं घोळसायची, कुसं झडली की मग सोलायची. वडील सोलून द्यायचे. खाल्ल्यावर जीभ लाल व्हायची आणि ती आम्ही भाऊ एकमेकांना दाखवायचो.

सिनेमा सुटल्यावर पार्किंगमधून भावाला फोन लावला. इकडचं-तिकडचं बोललो. सिनेमा बघ म्हणालो. तो म्हणाला, पाहिला, पहिल्याच दिवशी. मग दोघंही थोडा वेळ लाइनवर गप्प होतो.

कसबा पेठ

पुनरुज्जीवित नाटकं यात धरायची का? जाहिराती बघाव्यात तर निम्मी नाटकं आमच्या कॉलेजच्या दिवसांतली, नुसते नट बदललेले.

(धागाकर्ता : धरा. मात्र ‘पहिल्या संचाची सर नाही’ असं लिहायचं तर पहिला संच स्वतः पाहिलेला हवा. वडिलांनी पाहिलेला चालणार नाही.)

कसबा पेठ

मग राहू दे.

जनता वसाहत, बी. कॉम.

माझे बाबा एका नाट्यगृहाच्या कँटीनला चहा-वडा देतात. ते बोलले, मी टाइप केलं. कुठलं नाट्यगृह ते लिहू नको म्हणाले.

‘नाटक मी एकही पुरतं बघितलं नाही. आतलं सगळं भिंतीतून ऐकतो. पण नवं नाटक चालणार का पडणार, ते मला पहिल्या प्रयोगाच्या मध्यंतरातच कळतं. पब्लिक कसं बाहेर येतं ते बघायचं. धावत सुटून ‘दोन वडे, दोन वडे’ करत आलं तर समजायचं, आत भूक लागण्याइतका वेळ मिळाला. हळूहळू, बोलत बोलत आलं, पैसे देताना सुट्टे मोजायचं विसरलं, तर नाटक धरलंय. विनोदी नाटकाला वडे जास्त खपतात, गंभीर नाटकाला चहा. या पावसाळ्यात एक नवं नाटक आलं, दोन माणसांचंच. पहिल्या प्रयोगाला मी ऐंशी वडे काढले, तीस उरले. मालक बोलले, ‘नाटक पडलं.’ मी बोललो, ‘नाही, लोक बाहेरच आले नाहीत.’ खरंच अर्धं पब्लिक मध्यंतरात खुर्चीतच बसून होतं. आता त्याचे प्रयोग फुल्ल असतात. आम्ही पन्नासच वडे काढतो.’

बाबांना विचारलं, ते दोन माणसांचं नाटक आहे कशावर? म्हणाले, ‘नवरा-बायकोचं असावं. मधे बराच वेळ कोणी बोलत नाही.’

चिंचवड

नाट्यगृहाचं नाव मीही लिहीत नाही, अनुभव लिहितो. पावणेपाचशेचं तिकीट, वातानुकूलन बंद, भर पावसाळ्यात आत घामाच्या धारा. दुसऱ्या अंकात नायिका ‘किती गारठा आहे रे’ म्हणाली आणि बाल्कनीतून कोणीतरी ओरडलं, ‘कुठंय?’ नाटक तिथंच संपलं. म्हणजे चालू राहिलं, पण संपलं. स्वच्छतागृहाबद्दल लिहीत नाही, दिवाळी आहे.

बावधन

आमच्याकडे या हंगामातली सर्वांत मोठी घडामोड म्हणजे सासूबाईंची साडेसातची मालिका संपून तिथे नवी आली. जुनी चार वर्षं चालली, तिच्यावर कुकर लागायचा. शीर्षकगीताला तांदूळ धुवायचे, पहिल्या जाहिरातीला गॅस, दुसऱ्या जाहिरातीपर्यंत तीन शिट्ट्या. नव्या मालिकेनं जाहिरातींच्या वेळाच बदलल्या. पहिला आठवडाभर भात करपला.

मी हिंजवडीहून साडेआठला घरी पोचते. नवी मालिका ‘फालतू आहे’ असं मला तीन आठवडे रोज, संपूर्ण कथानकासह सांगण्यात आलं. चौथ्या आठवड्यात एक तासाचा महाएपिसोड होता. त्या दिवशी जेवण सातला वाढून तयार. मी म्हटलं, ‘आई, फालतू ना?’ तर म्हणाल्या, ‘तू बस गं. ती मुलगी आता त्या घरातनं निघते का नाही, तेवढं बघू.’

सासरे इतिहासात गेले. १९७३ मध्ये सिंहगडावर मनोरा उभा राहिला आणि पुण्यात मुंबईचा दूरदर्शन दिसू लागला, तेव्हा अख्खी चाळ एका खोलीत दाटीनं बसायची, वगैरे. ‘तेव्हा कोणी फालतू म्हणत नव्हतं,’ म्हणे. सासूबाई आतून : ‘तेव्हा दुसरं होतं काय!’

मुलगी अजून निघालेली नाही.

औंध

पिफ, म्हणजे पुण्याचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव?

(धागाकर्ता : ते जानेवारीत. तेव्हा वेगळा धागा काढू, रांगेत उभं राहून लिहा.)

कोथरूड, निवृत्त शिक्षिका

ऑगस्टमध्ये माझ्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली, पंधरवड्याच्या अंतरानं. टीव्ही बंद, वाचन बंद. माझा नियम नाही, सुनेचा. तिनं आकाशवाणी लावून दिली. पुणे केंद्र, मध्यम लहरी ७९२ किलोहर्ट्झ, हे माझ्या तोंडपाठ, पण ती म्हणाली, ‘आई, आता ॲप आहे.’ ॲपवर खरखर नाही. पहिले दोन दिवस मला त्या खरखरीवाचून ऐकल्यासारखंच वाटेना. सकाळी सात पाचच्या प्रादेशिक बातम्या कानावर पडल्या आणि हातानं आपोआप डबा भरायचा चाळा सुरू केला. निवृत्त होऊन चौदा वर्षं झालीत.

तर एका दुपारी नवी श्रुतिका लागली. विषय साधा : म्हातारी फोनवरून मुलाला भाजी कशी करायची ते सांगते. पात्रं दोन. फोडणीचा चरचरीत आवाज दोनदा येतो, पहिल्यांदा तिच्या घरी, नंतर त्याच्या. दुसऱ्या फोडणीत मोहरी जळली, हे मला नुसत्या आवाजावरून कळलं आणि मी पलंगावरून मोठ्यानं म्हटलं, ‘अरे, गॅस बारीक कर!’ सून धावत आली. तिला वाटलं, मी खरंच गॅसविषयी बोलते आहे.

माझ्या आईच्या बोलण्यात एक गोष्ट नेहमी यायची. १ एप्रिल १९५५, रामनवमी, याच केंद्रावरून गीतरामायण सुरू झालं. आठवड्याला एक गाणं, छप्पन्न गाणी, वर्ष पुरून उरलं. आता आपण त्याला हात जोडतो. पण आईला आठवायचं ते असं की पहिल्या आठवड्यात शेजारच्या काकूंनी विचारलं होतं, ‘हा नवीन कार्यक्रम किती दिवस चालणारे? माझी भजनाची वेळ जाते.’

त्या श्रुतिकेचं नाव सांगता येणार नाही. सुरुवातीला कोणीतरी दार वाजवलं, शेवटी जाहीर केलं तेव्हा मी मोहरीवर बोलत होते. कोणी ऐकली असेल तर कळवा. लेखक कोण, तेही.

बिबवेवाडी

वरच्या बाईंना : मीही ऐकली. रिक्षात. गिऱ्हाईक स्वारगेटला उतरलं, मी मीटर बंद करून शेवट होईपर्यंत तिथंच उभा राहिलो, मागनं पीएमपीचा ड्रायव्हर हॉर्न मारतोय. नाव मलाही नाही आठवत. पण मुलानं शेवटी मेथी केली ना? मला बटाटा वाटत होता.

कोथरूड, निवृत्त शिक्षिका

मेथीच. निवडताना जुडी झटकल्याचा आवाज होता.

शनिवार पेठ

लिहिण्यासारखं काही पाहिलं नाही, ऑफिसनं पाहू दिलं नाही. पण रविवारी साडेबाराचं सुदर्शन रंगमंचावरच्या नव्या दीर्घांकाचं एक तिकीट जास्तीचं आहे, मैत्रीण ऐन वेळी नाही म्हणाली. पैसे नकोत. फक्त वेळेवर या, तिथं दार बंद झालं की झालं. कोणाला हवंय?

कर्वेनगर, अभियांत्रिकी, दुसरं वर्ष

मला! लाइट्स कोणाचे आहेत?