मदत हवी आहे : जुनी फियाट लग्नाला भाड्याने द्यायची आहे

नमस्कार मंडळी,

आजोबांची १९६६ ची फियाट ११०० आमच्याकडे बेळगावच्या टिळकवाडीत आहे. गिअर स्टिअरिंगजवळ, रंग नुकताच नवा दिलाय. गल्लीतल्या एका वरातीत ती फिरवली आणि तेव्हापासून "आमच्या लग्नाला देता काय?" म्हणून फोन सुरू झालेत. हौस म्हणून ठीक, पण पैसे घ्यायचे तर दोन अडचणी आहेत.

पहिली कागदांची. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांवरच्या गाडीची 'व्हीए' मालिकेत व्हिंटेज नोंदणी होते, फी २० हजार. पण मग ती धंद्यासाठी चालवता येत नाही. पांढऱ्या पाटीवर, म्हणजे खाजगी नोंदणीवर, भाडं घेणं तर चालतच नाही. मग लोक हे रीतसर करतात तरी कसं? विम्याचं काय? निपाणी ओलांडून महाराष्ट्रात कागल-कोल्हापूरला न्यायची तर वेगळा कर पडतो का?

दुसरी अडचण वरातीचीच. बँडमागे मुंगीच्या चालीनं गेली की रेडिएटर उकळतो, कारण पंखा इंजिनवरच फिरतो, इंजिन हळू तर पंखाही हळू. इलेक्ट्रिक पंखा बसवलेलं कोणी आहे का? बेळगाव-खानापूर भागात जुन्या फियाटचा जाणता मिस्त्री माहीत असेल तर नक्की सांगा. कोल्हापूरच्या वाटेवरचा तवंदी घाट चढवायचा की सरळ ट्रकवर घालून न्यायची, तेही कळवा.