डॉक्टर रोज येत नाहीत म्हणजे दुर्लक्ष नव्हे

'डॉक्टर रोज फिरकत नाहीत, सगळं नर्सवर सोडलंय, म्हणजे खर्च वाचवायची दुय्यम सोय' हे आजारातून सावरणाऱ्यांसाठी नर्सनी चालवलेल्या विभागांबद्दल चर्चेत आलेलं मत मला पटत नाही. आजाराचा जोर ओसरल्यावर पुन्हा चालणं, अंघोळ करणं, गोळ्या स्वतः लक्षात ठेवून घेणं हेच मोठं काम उरतं, आणि त्यातल्या जाणकार नर्सच. लिडिया हॉल या नर्सनं १९६३ साली न्यूयॉर्कच्या माँटेफिओर हॉस्पिटलात लोब सेंटर हा असाच विभाग उभा केला तो याच विचारावर. तिथे सूत्रं नर्सच्या हाती होती.

रुग्णाला हे कसं वाटतं, ते मात्र या चर्चेत कुणी लिहिलं नाही. न्यूमोनियानंतर आई अशाच विभागात होती. आधीच्या वॉर्डात सगळं हातात मिळायचं. इथे 'ग्लास तुम्हीच उचला, मी शेजारी आहे' असं ऐकल्यावर ती फार दुखावली. नर्सना आपला कंटाळा आलाय, असंच तिला वाटलं. मग एका सिस्टरनं शेजारी बसून, घरी जायचं तर काय काय जमायला हवं, ते तिच्याशी बोलून ठरवलं. त्यानंतर आई स्वतःच वॉकर मागू लागली. हे बोलणं पहिल्याच दिवशी व्हायला हवं. आणि रात्री ताप चढला तर डॉक्टर किती वेळात येतील, हे नातेवाइकांनी दाखल करतानाच विचारून घ्यावं.