अनुभव धागा: हौशी ट्रायथलॉन, सुरुवात पाण्यापासून करू

नमस्कार मंडळी. आमच्या पुण्याच्या ट्रायथलॉनच्या, म्हणजे एकाच रेसमध्ये सलग पोहणं, सायकल आणि धावणं करणाऱ्यांच्या, ग्रुपमध्ये नवीन कोणी आलं की पहिला प्रश्न ठरलेला: सायकल कोणती घेऊ? कार्बन की ॲल्युमिनियम, साठ हजारांची की दोन लाखांची. पाण्याबद्दल क्वचितच कोणी विचारतं. माझ्या ओळखीतल्या ज्यांना रेस अर्धवट सोडावी लागली, त्यातले बहुतेक पाण्यातच थांबले. म्हणून हा धागा काढतोय. पोहणं, सायकल, धावणं, सामान, जे स्वतःच्या अंगावर शिकलात ते लिहा.

नव्यांसाठी थोडक्यात: स्प्रिंट म्हणजे ७५० मीटर पोहणं, २० किमी सायकल, ५ किमी धावणं. ऑलिंपिक त्याच्या दुप्पट. गोव्याच्या ‘आयर्नमॅन ७०.३’ या रेसमधला आकडा मैलांचा आहे. आपल्या हिशेबात १.९, ९० आणि २१.१, मिळून ११३ किमी. ती मिरामारला पहिल्यांदा झाली २०१९ मध्ये. त्याआधी आयर्नमॅन करायची तर परदेशीच जावं लागे. मिलिंद सोमण २०१५ मध्ये पन्नाशीला टेकलेले असताना झुरिचला आयर्नमॅनचं पूर्ण, म्हणजे ७०.३च्या दुप्पट, अंतर करून आले, तेव्हा मी हा शब्द पहिल्यांदा ऐकला.

माझा अनुभव गोव्याचाच. टँकमध्ये आठवड्यातून तीनदा दोन-दोन किमी पोहत होतो, त्यामुळे १.९ची धास्ती नव्हती. समुद्रात शिरल्यावर कळलं की टँकमध्ये दर २५ मीटरला भिंत मिळते, पायाने ढकलायला मिळतं, तळाला पट्टी दिसते. इथे यातलं काहीच नाही. पहिल्या बोयाजवळ (वळायची खूण म्हणून तरंगत ठेवलेला मोठा फुगा) सगळे एकाच वेळी वळले, कुणाची तरी टाच गॉगलवर बसली, एका डोळ्यात खारं पाणी गेलं आणि श्वास अडकला. पाणी थंड नव्हतं, अंतरही झेपणारं होतं, पण छाती आवळल्यासारखी झाली. हात वर केला. कयाकवाला, म्हणजे मदतीच्या छोट्या होडीतला, मुलगा जवळ आला आणि म्हणाला, "दादा, धरा. मी पुढे नेणार नाही, पण हवा तेवढा वेळ थांबा." अनेकांना हे माहीतच नसतं: कयाक धरून दम खाल्ला तर बाद होत नाही, फक्त त्याच्या आधाराने पुढे सरकायचं नाही. मी दहा श्वास मोजले, गॉगल रिकामा केला आणि निघालो. बाहेर आलो तेव्हा घड्याळात ५८ मिनिटं होती.

आता टँकमध्ये रोज शेवटचे २०० मीटर भिंतीला हात न लावता पोहतो. बाजूला कोणी नसेल तर सहा हात डोळे मिटून मारायचे, मग मान उचलून बघायचं, सरळ आहोत का. मी दर वेळी उजवीकडे सरकतो, हे मला असंच कळलं.

सातारा, वय ४१, शिक्षिका

दादा, पाण्याचं अगदी पटलं. मी ३८व्या वर्षी पोहायला शिकले. महिलांची बॅच दुपारी तीनची आणि माझी शाळा पाचपर्यंत, त्यामुळे सकाळच्या मिश्र बॅचला गेले. पहिला महिनाभर तोंड पाण्यात घालायलाच जमेना. सरांनी सांगितलं, घरी सराव करा. आमच्याकडे सासूबाईंच्या माहेरचं तांब्याचं घंगाळ आहे. ते भरून न्हाणीघरात ठेवायचं, त्यात तोंड बुडवायचं आणि नाकातून हळूहळू बुडबुडे सोडायचे. सासूबाई दारात उभ्या राहून मोठ्याने आकडे मोजायच्या. ज्या दिवशी वीसपर्यंत गेले, त्या दिवशी त्यांनी शेजारी जाऊन सांगितलं.

सायकल यवतेश्वरच्या घाटात करते, साधी हायब्रिडच आहे. रविवारी सायकलवरून उतरल्या उतरल्या तीन किमी धावते, त्याला सगळे ब्रिक म्हणतात. पहिली दहा मिनिटं पाय लाकडाचे असतात. सवयीने ते जात नाही, पण दर वेळी थोड्या वेळाने ते लाकूडपण संपतं, हे शरीराला माहीत होतं आणि मग घाबरायला होत नाही. पहिल्या स्प्रिंटला माझी एक चूक झाली: हेल्मेटचा पट्टा न लावता रॅकवरची सायकल उचलली. पंचांनी थांबवून पट्टा लावायला लावला. आता घरी अंगणातसुद्धा आधी पट्टा, मग सायकल.

कोल्हापूरजवळचं गाव, वय ३५, शेती

मी विहिरीत शिकलो, पाठीला डबा बांधून. खोल पाण्याची भीती कधीच नव्हती. पण आमचं पोहणं डोकं बाहेर ठेवून. त्यानं शंभर मीटरला मान भरून येती आणि कंबर खाली जाती, मग सगळी ताकद पाय मारण्यात संपती. फ्रीस्टाइल शिकायला वर्ष गेलं. मालवणला चिवला बीचवर समुद्रात पोहण्याच्या स्पर्धा असतात, तिथं आधी उतरलो आणि मगच ट्रायथलॉनला नाव दिलं. ज्याला समुद्राची रेस करायची हाय, त्यानं आधी नुसतं समुद्रात पोहून बघावं. खाऱ्या पाण्यात अंग वर तरंगतं, ते आपल्या बाजूनं. पण लाट ज्या अंगानं येती त्या बाजूला तोंड काढलं की पाणी पोटात जातं, म्हणून दोन्ही बाजूंनी श्वास घेता आला पाहिजे.

सायकल जुनी रोडबाइक घेतली, पंधरा दिवसांत गुडघा पुढून दुखायला लागला. वाटलं, वजनानं असेल. एका जाणत्या मेकॅनिकनं सीट दोन सेंटिमीटर वर घेतली, महिन्यात दुखणं गेलं. पुढून दुखलं तर सीट बहुधा खाली असती, एवढं तपासून मगच औषधाला जावा.

ठाणे, वय ४७

विमानाने सायकल नेणाऱ्यांसाठी. बॉक्समधून निघाली तेव्हा मागच्या डिरेलरचा (गिअर बदलणारा भाग) हँगर वाकलेला होता. हा छोटा धातूचा तुकडा प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो, दुसऱ्या गावात ऐनवेळी मिळत नाही. तेव्हापासून जादा हँगर माझ्या पाकिटात असतो. सीटपोस्टला उंचीच्या खुणेची चिकटपट्टी लावून ठेवा. चाकात हवा भरायची गॅस काडतुसं विमानतळावर काढून घेतात, ती पोचल्यावर विकत घ्या.

हॅम्बुर्ग, वय ३३

इथे सगळं उलटं. गोव्यात पाणी इतकं उबदार असतं की वेटसूटचा (थंडीपासून वाचवणारा अंगाला घट्ट बसणारा रबरी सूट) विचारच नको, इथे बहुतेक जण तो घालूनच उतरतात. आल्स्टरमध्ये, म्हणजे इथल्या शहरातल्या तलावात, पोहताना पुलाखालून जावं लागतं, तिथे काही क्षण काळोख होतो. पण मला त्रास झाला तो सूटच्या गळ्याचा. दुकानात पाच मिनिटं घालून घेतला होता. थंड पाण्यात चेहरा गेला, श्वास जोरात सुरू झाला आणि गळा आवळतोय असं वाटलं. आता उतरण्याआधी कॉलर ओढून थोडं पाणी आत घेते, तोंडावर पाणी मारते आणि दोन मिनिटं नुसती तरंगते. मानेला व्हॅसलीन भरपूर, नाहीतर दुसऱ्या दिवशी ओढणीसुद्धा सहन होत नाही.

नाशिक, वय ५०, डॉक्टर

फक्त एक मुद्दा, पण कृपया मनावर घ्या. उन्हाच्या भीतीने तासन्‌तास नुसतं पाणी पीत राहू नका. रक्तातलं सोडियम खाली येतं. डोकं दुखतं, मळमळतं, माणूस भांबावतो आणि लोकांना वाटतं पाणी कमी पडलं, म्हणून आणखी पाजतात. तहान लागेल तसं प्या आणि त्यात मीठ असू द्या. ओआरएसचं पाकीट ज्यावर एक लिटर लिहिलंय ते एक लिटरमध्येच घाला. मी सायकलवर खजूर आणि राजगिऱ्याची वडी खातो, पण तीन महिने सरावात खाऊन पोटाला पचली तेव्हाच रेसला नेली.

इचलकरंजी, वय ५२

सगळं वाचलं. माझी पहिली स्प्रिंट दीड महिन्यावर आहे, तलावात पोहायचंय. मी आजवर टँकच्या बाहेर पोहलेलो नाही. टँकमध्ये ७५० मीटर होतात. जाऊ का?

कोल्हापूरजवळचं गाव

काका, जावा की. पण त्याआधी चार-पाच वेळा उघड्या पाण्यात उतरायचं, आणि एकट्यानं अजिबात नाही. रविवारी सकाळी सहाला राजाराम तलावावर आम्ही असतो, तुमच्यापासून काही लांब नाही. पहिल्या दिवशी काठाकाठानं शंभर मीटर जायचं आणि परत यायचं, बास. कमरेला बांधायचा नारंगी फुगा मी आणतो. तुम्ही टोपी तेवढी भडक रंगाची घाला, निळी नको.