सल्ला हवा: पेशवे दरबाराच्या जुन्या चित्राची चांगली प्रिंट कशी निवडावी? (पुणे)

कर्वेनगरकर

नमस्कार मंडळी,

येत्या दिवाळीत बाबांना पंचाहत्तर पूर्ण होतात. त्यांनी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. आम्ही लहान असताना दर सुट्टीत शनिवारवाड्यात न्यायचे आणि रिकाम्या जोत्यांवर उभं करून सांगायचे, "इथे गणपती रंगमहाल होता, इथे आरसेमहाल." मला तिथे दगड आणि गवतच दिसायचं. वाडा १८२८ च्या आगीत गेला, त्यामुळे आतलं वैभव बघायचं तर चित्रांतूनच.

त्यातलं एक चित्र मला त्यांच्यासाठी घ्यायचं आहे. थॉमस डॅनियलने १८०५ मध्ये रंगवलेला पेशव्यांचा दरबार. १७९० मध्ये टिपूविरुद्ध इंग्रजांशी तह झाला, त्याचा हा प्रसंग. सवाई माधवराव, नाना फडणीस, इंग्रजांचा वकील मॅलेट असे सगळे त्यात आहेत. मूळ तैलचित्र लंडनला टेट या कलासंग्रहालयाच्या संग्रहात आहे.

सोफ्यामागची भिंत नऊ फुटांची आहे, समोर पश्चिमेची खिडकी. ३६ इंच रुंद प्रिंट डोक्यात आहे. कॅनव्हास घ्यावा की कागद? नेटवरून उतरवलेली फाइल चालेल का? पोस्टर नको आहे. पुढची वीस वर्षं भिंतीवर राहील असं काही हवं आहे.

सदाशिवपेठी

कॅनव्हासच घ्या. काच नको, चकाकी नाही, आणि तैलचित्र कॅनव्हासवरच शोभतं.

छापखाना

मी याच कामात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी फाइल बघा, बाकी सगळं नंतर. तुमच्याकडची फाइल किती पिक्सेल रुंद आहे? समजा १६०० आहे. ३६ इंचांवर पसरली की इंचाला जेमतेम ४४ पिक्सेल मिळतात. लांबून ठीक वाटेल, जवळ गेलात की चेहऱ्यांचा चिखल दिसेल. उत्तम प्रिंटला इंचाला ३०० धरतात, म्हणजे १०,८०० पिक्सेल. भिंतीवरचं चित्र चार-पाच फुटांवरून बघतात, तिथे १५० ला सुद्धा भागतं, म्हणजे ५,४०० पिक्सेल. पण त्याखाली जाऊ नका. या चित्रात तर अजिबात नको, कारण सगळी गंमत दाटीवाटीने बसलेल्या माणसांच्या चेहऱ्यांत आहे. दुकानदार "सॉफ्टवेअरने मोठी करून देतो" म्हणाला तर नको म्हणा. सॉफ्टवेअर नसलेलं नाक-डोळे स्वतःच्या मनाने भरतं. मग तो चेहरा नानांचा राहत नाही.

हक्कांचं म्हणाल तर डॅनियल १८४० मध्ये वारला. आपल्याकडे कलाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट असतो, तो केव्हाच संपला. मात्र संग्रहालयाने काढलेल्या मोठ्या फोटोसाठी त्यांच्या अटी आणि फी असू शकते. सरळ त्यांना लिहून रीतसर फाइल मागवा. त्यावर खर्च झालेला परवडतो, फ्रेमवर झालेला वाया जाऊ शकतो.

कॅनव्हासबद्दल मात्र वर लिहिलंय त्याच्याशी मी सहमत नाही. छापलेल्या कॅनव्हासची वीण सगळीकडे सारखी असते आणि बारीक रेषा खाते. शिवाय लाकडी चौकटीवर ताणताना कड मागे दुमडली तर प्रत्येक बाजूने दीड-दोन इंच चित्र भिंतीकडे तोंड करून बसतं. निसर्गचित्राला चालून जातं. इथे कडेला माणसं बसली आहेत. त्यामुळे शंभर टक्के सुती कागद, मॅट (चकाकी नसलेला), ३०० जीएसएमच्या (कागदाच्या जाडपणाचं माप, चौरस मीटरला ग्रॅम) आसपास. शाई पिगमेंटचीच (रंगाचे बारीक कण असलेली) हवी. डाय शाईचा (विरघळलेल्या रंगाची) रंग पश्चिमेच्या उन्हात लवकर उडतो. दुकानात "जिक्ले" (म्हणजे भारी इंकजेट प्रिंट) म्हणाले तरी शाई कोणती आणि कागद कोणता, हे दोन प्रश्न विचाराच.

हळदीकुंकू

छापखानाताईंचं म्हणणं मला अनुभवाने पटतंय. तीन वर्षांपूर्वी आईसाठी रविवर्म्यांच्या 'हंस-दमयंती'ची प्रिंट एका दुकानातून करून घेतली. घरी आणून उघडली तर साडीचा लाल रंग चक्क भगव्याकडे गेलेला आणि दमयंतीला कावीळ झाल्यासारखी! दुकानदार म्हणाला, रंग "उठावदार" केलाय. आईने काही म्हटलं नाही, पण ती प्रिंट आतल्या खोलीत गेली ती गेलीच. आधी छोटा नमुना मागितला असता तर हे झालं नसतं.

जुनीवही

फार चांगलं चित्र निवडलंत. बाबा इतिहासाचे, म्हणून थोडी भर घालतो. त्यांच्याशी बोलायला उपयोगी पडेल.

१७९० चा तो प्रसंग डॅनियलने स्वतः पाहिलेला नाही. त्याच्या हाताशी जेम्स वेल्सची रेखाटनं होती. वेल्स हा स्कॉटिश चित्रकार. तोही पुण्यात आला १७९२ मध्ये, म्हणजे तह होऊन गेल्यावर. पण त्याने इथली माणसं समोर बसवून काढली, हे महत्त्वाचं. १७९५ च्या ऑक्टोबरात सवाई माधवराव गेले, पुढच्याच महिन्यात वेल्स गेला. दरबाराचं चित्र राहून गेलं, ते पुढे डॅनियलने पुरं केलं. म्हणून प्रसंगाची मांडणी पुराव्यासारखी धरू नये, चेहऱ्यांवर मात्र बराच भरवसा ठेवता येतो.

वेल्सने स्वतः रंगवलेलं सवाई माधवराव आणि नानांचं चित्र लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत आहे. त्यात माणसं थोडी आहेत, त्यामुळे ३६ इंचांत चेहरे मोठे मिळतील. भिंत एकच असेल तर मी ते निवडलं असतं. तुमच्या बाबांना वाडा दाखवायचा आहे, म्हणून दरबारच योग्य.

आणखी एक सुचवतो. वेल्सच्या हाताखाली गंगाराम चिंतामण तांबट नावाचा आपला पुणेकर चित्रकार काम करत होता. त्याची चित्रं अमेरिकेत येल सेंटर फॉर ब्रिटिश आर्टमध्ये आहेत. पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा त्याने १७९० मध्ये काढलाय, तो बघाच. कातडीची एकेक घडी मन लावून काढली आहे. येलने अशा जुन्या चित्रांच्या फाइली सगळ्यांसाठी खुल्या केल्या आहेत. फक्त तो कागदावरचा जलरंग आहे, त्याला तीन फुटांचा करू नका. हातात धरून बघायचं चित्र भिंतभर ताणलं की त्याची रेष भोपळ्यासारखी फुगते.

ओलावा

फ्रेमचं कुणी लिहिलं नाही म्हणून. पुण्याचा पावसाळा प्रिंटचा वैरी आहे. कागद काचेला चिकटता कामा नये, ओल धरली की तो काचेला डसतो आणि सोडवताना शाई निघते. मधे माउंट (चित्राभोवतीची जाड पुठ्ठ्याची चौकट) हवाच, तोही आम्लरहित. मागे साधं एमडीएफ लावलं तर फुगतं आणि कसर घर करते, तेव्हा तिथेही आम्लरहित बोर्ड सांगा. फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून रबरी बटणं लावून घ्या, म्हणजे भिंत आणि चित्र यांत वारा खेळतो. बाहेरच्या भिंतीवर टांगणार असाल तर आधी एक पावसाळा ती भिंत हाताने चाचपून बघा. पश्चिमेच्या खिडकीसाठी साध्या काचेऐवजी अतिनील किरण अडवणारी काच किंवा अॅक्रिलिक. महाग आहे, पण तुम्हाला वीस वर्षं म्हणायचंय.

कर्वेनगरकर

सगळ्यांचे मनापासून आभार. टेटला मेल केली आहे. तोवर माझ्याकडच्या फाइलमधून नानांच्या चेहऱ्याजवळचा तुकडा घेऊन आठ इंचांची नमुना पट्टी छापून आणली, सुती कागदावर. बाबा फिरायला गेले की भिंतीवर चिकटवतो, आले की काढून कॅलेंडरमागे लपवतो.

सकाळी अंगरखे पांढरे दिसतात, अगदी मलमलीसारखे, घडीतली निळसर सावलीही दिसते. रात्री दिवा लावला की तेच अंगरखे चहा सांडल्यासारखे पिवळे. प्रिंटमध्ये निळा वाढवून घेऊ का?

छापखाना

नको! प्रिंट बरोबर आहे, दिवा बदला. तुमचा दिवा बहुतेक २७०० केल्विनचा, म्हणजे पिवळसर उजेडाचा असणार. ४००० चा घ्या आणि खोक्यावर सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० च्या वर आहे ना ते बघा. दिव्यासाठी प्रिंट निळी केलीत तर सकाळी सगळा दरबार थंडीने काकडलेला दिसेल.

कर्वेनगरकर

दिवा बदलला. रात्री साडेनऊला पुन्हा पट्टी लावली, अंगरखे पांढरे! एवढ्यात बाबा पाणी प्यायला बाहेर आले. मला पट्टी काढायला वेळच मिळाला नाही. चष्मा कपाळावर सरकवून, नाक भिंतीला टेकेल इतके जवळ गेले आणि म्हणाले, "हे नाना. बाकीचे कुठायत?"

आता लपवण्यात अर्थ नाही, माप बाबाच ठरवणार आहेत. टेप घेऊन भिंत मोजून झाली, ते ४२ इंचांवर अडून बसलेत. छापखानाताई, ४२ साठी फाइल किती पिक्सेलची मागवू? गेंड्याची फाइल मात्र उतरवून घेतली, तो त्यांच्या लिहायच्या टेबलाशेजारी लहानच लावणार.

छापखाना

१५० च्या हिशोबाने ६,३००. त्यांनी त्याहून मोठी दिली तर ती घ्या. आणि बाबांना माझा नमस्कार सांगा.