मदत हवी आहे: 'मनातलं कुणाशी बोलता' हे मुलाखतीत कसं विचारायचं?

जॉर्ज ब्राउन आणि टिरिल हॅरिस या संशोधकांनी १९७८ मध्ये लंडनच्या कॅम्बरवेलमधल्या बायकांच्या डिप्रेशनबद्दल जे मांडलं त्यातला विश्वासाचं जवळचं माणूस नसणं हा मुद्दा मी एमएच्या प्रोजेक्टला घेतलाय. गावात मुलाखती चालू आहेत पण 'मनातलं कुणाशी बोलता' विचारलं की 'मालक आहेत की' एवढंच, सासू समोर नसतानाही तेच, हो-नाहीचा फॉर्म तर पार फसला. मग एका ताईंना 'शेवटचं रडू आलं तेव्हा कुणाला सांगितलंत' विचारलं, तर पदराचं टोक पिळत म्हणाल्या, कुणालाच नाही. रेकॉर्डिंगला परवानगी नाही, समुपदेशकाचा नंबर सगळ्यांना देते. असा प्रश्न सगळ्यांना विचारला तर मी उत्तर सुचवतेय असं होईल का, आणि तुम्ही फील्डवर नेमके कोणते शब्द वापरता?